बालगुन्हेगारांच्या कैवारी : मिस मेरी कार्पेंटर

ओळखीच्या घरातला मुलगा चोरीमारीत सापडला, की आपल्या मंडळीत दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. कोणी म्हणतो, त्याला एकदा चांगली अद्दल घडली पाहिजे. कोणी म्हणतो, त्याचा स्वभावच तसला, त्याला कोण काय करणार? पहिल्याचा सारा भरवसा शिक्षेवर असतो. दुसऱ्याने तर भरवसाच सोडलेला असतो. दोघेही त्या मुलाच्या घरी मात्र जात नाहीत. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील एका संडे स्कूलच्या शिक्षिकेला ही दोन्ही मते पटली नाहीत. तिने आपले आयुष्य अशा मुलांसाठी वेचले आणि त्यांच्याविषयीचा आपल्या देशाचा कायदाही बदलावयास लावला. ती चार वेळा आपल्या हिंदुस्थानातही येऊन गेली. त्या मिस मेरी कार्पेंटर यांचे चरित्र संडे स्कूलच्या शिक्षकांनी अवश्य जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते.

घर आणि शिक्षण

मेरी कार्पेंटर यांचा जन्म ३ एप्रिल १८०७ रोजी इंग्लंडातील एक्सेटर गावी झाला. त्यांचे वडील डॉ. लँट कार्पेंटर हे उपदेशक होते. १८१७ साली त्यांना ब्रिस्टल शहरातील लुइन्स मीड येथील मंडळीचे पाचारण आले आणि सारे कुटुंब तेथे जाऊन राहिले. वडील मुलग्यांची शाळा चालवीत. मेरीही त्याच मुलग्यांबरोबर लॅटिन, ग्रीक आणि गणित शिकली. त्या काळी मुलींना असे शिक्षण क्वचितच मिळे. लहानपणापासून ही मुलगी गंभीर, टापटिपीची आणि हाती घेतलेले काम तडीस नेणारी होती. काही काळ तिने परक्या घरी मुलांना शिकवण्याची नोकरी केली. पुढे १८२९ साली आई व बहिणी यांच्यासह तिने ब्रिस्टलला मुलींची शाळा काढली, आणि १८३१ पासून ती मंडळीच्या दुपारच्या संडे स्कूलची मुख्य झाली.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कार्पेंटर कुटुंब युनिटेरियन पंथाचे होते. हा पंथ त्रैक्याचा सिद्धांत मानीत नाही, आणि या मूलभूत बाबतीत आमचे त्यांच्याशी जुळत नाही. परंतु जखमी मनुष्याला पाहून याजक व लेवी बाजूने निघून गेले आणि परक्या पंथाचा शोमरोनी थांबला, हा दाखला प्रभूनेच आपल्याला दिला आहे. तो दाखला ऐकणाऱ्यांना त्या शोमरोन्याचे मतही तपासावेसे वाटले असेल. प्रभूने त्यांचे लक्ष त्याच्या हातांकडे लावले. म्हणून या बाईंच्या कामापासून धडा घेण्यास आपल्याला अडचण वाटू नये.

रस्त्यातले मूल

१८३३ साल त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी दोन पाहुणे ब्रिस्टलला आले. एक होते राजा राममोहन राय. सप्टेंबर महिन्यात ते ब्रिस्टलजवळ उतरले, डॉ. कार्पेंटर यांच्या मंडळीत उपासनेला आले, आणि थोड्याच दिवसांत, २७ सप्टेंबरला, तेथेच तापाने वारले. हिंदुस्थानाविषयीची आस्था मेरीबाईंच्या मनात तेव्हापासून घर करून राहिली.

दुसरे पाहुणे अमेरिकेतील बोस्टन शहरचे डॉ. जोसेफ टकरमन. हे पाळक गोरगरिबांच्या घरोघर जाऊन सेवा करीत. एकदा ते मेरीबाईंबरोबर ब्रिस्टलच्या गल्लीतून चालले असता फाटक्या कपड्यांतले एक पोर त्यांच्यासमोरून पळत गेले. त्या पोराच्या मागोमाग त्याच्या घरी जाऊन त्याची विचारपूस करावयास हवी, अशा अर्थाचे काही तरी डॉक्टर सहज बोलून गेले. बाईंच्या मनाला ते लागले. १८३५ साली त्यांनी गरीब वस्तीतील घरांना भेटी देणारी मंडळी उभारली आणि वीस वर्षांहून अधिक काळ तिचे चिटणीसपण केले. या भेटींतून त्यांना एक गोष्ट कळली. शहरात ज्यांना चोर म्हणत त्या पुष्कळ मुलांना घर असे नव्हतेच, आणि जेथे घर होते तेथे आईबाप असून नसल्यासारखे होते.

१८४० साली त्यांचे वडील प्रवासात जहाजावरून पडून बुडाले. हा घाव त्यांना फार मोठा होता. तो त्यांनी कामात बुडवला. १८४६ साली लुइन्स मीडच्या घाणेरड्या वस्तीत त्यांनी रॅगेड स्कूल, म्हणजे फाटक्यातुटक्या कपड्यांतल्या मुलांची शाळा, सुरू केली. इतर शाळा ज्यांना दारात उभे करीत नसत त्यांच्यासाठी ही शाळा होती. मुले यायची, गोंगाट करायची, मध्येच उठून जायची. छडीचा उपयोग न करता त्यांना बसते करणे हे सोपे काम नव्हते. बाई स्वतः शिकवीत. नकाशे, चित्रे, निसर्गातील वस्तू दाखवीत. पण शाळेतली काही मुले मधूनच दिसेनाशी होत. चौकशी केली की ती तुरुंगात आहेत असे कळे.

तुरुंगातले मूल

त्या काळी इंग्लंडात लहान मुलाने पाव किंवा रुमाल चोरला, तर त्याला मोठ्या माणसांच्याच न्यायाने तोलत आणि त्यांच्याच तुरुंगात पाठवीत. मूल तेथून बाहेर येई ते चोरीचे अधिक शिक्षण घेऊन. बाईंनी तुरुंगांचे अहवाल, न्यायाधीशांची मते आणि इतर देशांतील प्रयोग यांचा कसून अभ्यास केला. जर्मनीत हँबुर्गजवळ योहान विखेर्न या प्रॉटेस्टंट सेवकाने १८३३ साली अशा मुलांसाठी संस्था काढली होती. तेथे मुले मोठ्या बराकीत न ठेवता लहान लहान कुटुंबांत विभागून ठेवीत. फ्रान्समधील मेत्रे येथील शेतवसाहतही याच धर्तीवर चाले. या साऱ्याच्या आधारे बाईंनी १८५१ साली सुधारशाळांविषयी आणि १८५३ साली बालगुन्हेगारांविषयी अशी दोन पुस्तके लिहिली.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य नव्हे. त्याला आईबापांच्या मायेची व धाकाची गरज आहे. ज्याला ती मिळाली नाही त्याच्या बाबतीत समाजाने आईबापाची जागा घ्यावी. नुसत्या वेदनेने मन पालटत नाही. मुलाच्या स्वतःच्या इच्छेला आपल्या बाजूला घेतल्याशिवाय त्याची सुधारणा टिकत नाही. म्हणून काम हवे, खेळ हवा, शिक्षण व भक्ती हवी, आणि स्वतःची म्हणता येईल अशी एखादी वस्तूही हवी.

डिसेंबर १८५१ मध्ये बर्मिंगहॅम येथे या प्रश्नावर परिषद भरली. न्यायाधीश मॅथ्यू डेव्हनपोर्ट हिल हे बाईंचे मोठे साथी होते. परिषदेमागे श्रम बाईंचे. पण तेथे त्या बोलल्या नाहीत, कारण स्त्रीने सभेत बोलणे त्यांनाच अनुचित वाटे. पुढच्याच वर्षी मात्र पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली, आणि नंतर अनेक सभांतून भाषणे केली. मुलांची बाजू मांडायची तर संकोच बाजूला ठेवावा लागतो, हे त्या शिकल्या.

किंग्जवुड आणि रेड लॉज

नुसते लिहून भागणार नाही, करून दाखवले पाहिजे, म्हणून सप्टेंबर १८५२ मध्ये त्यांनी ब्रिस्टलजवळ किंग्जवुड येथे सुधारशाळा उघडली. ही जागा आपल्या वाचकांना विशेष वाटेल. जॉन वेस्ली यांनी १७४८ साली काढलेली शाळा याच इमारतीत होती. ती शाळा दुसरीकडे गेल्यावर रसेल स्कॉट या मित्राने ती जागा विकत घेऊन बाईंच्या कामासाठी दिली.

पहिली दोन वर्षे खडतर गेली. मुलगे व मुली एकत्र ठेवणे जमेना. मुले पळून जात, वस्तू मोडीत. योग्य माणसे मिळत नसत. बाहेरचे लोक हसत. बाईंनी हे झाकून ठेवले नाही. त्यातून मार्ग काढला. कवी बायरन यांच्या विधवा पत्नी लेडी बायरन यांनी ब्रिस्टलमधील रेड लॉज नावाचा जुना वाडा विकत घेतला, आणि ऑक्टोबर १८५४ मध्ये तेथे केवळ मुलींसाठी सुधारशाळा निघाली. इंग्लंडातील मुलींची ही पहिली सुधारशाळा. तिची सर्व जबाबदारी बाईंनी स्वतः घेतली. किंग्जवुड मुलग्यांसाठी राहिले.

रेड लॉजमध्ये त्यांना स्वभावांची खरी ओळख झाली. कोणी उघड उर्मट, कोणी गोड बोलून फसवणारी, कोणी क्षणात भडकणारी, कोणी घुमी. मुलींचे काम मुलग्यांपेक्षा अवघड असते असे त्यांचे मत बनले. कारण ज्या मुलीला लहानपणीच लुबाडले गेले तिचा कोणावर विश्वास बसत नाही. शिवणे, धुणे, स्वयंपाक, लिहिणे-वाचणे, प्रार्थना असा दिवसाचा क्रम असे. ज्या हट्टीपणामुळे मुलगी वाईट मार्गाला टिकून राहिली, तोच हट्ट चांगल्या कामाला लावता येतो अशी बाईंची श्रद्धा होती. स्वभाव मोडून टाकायचा नाही, त्याला वळण द्यायचे, हा त्यांच्या कामाचा गाभा होता.

सगळ्याच मुली सुधारल्या काय? नाही. काही पुन्हा जुन्या वाटेला गेल्या. पण पुष्कळ मुली नोकरीला लागल्या, त्यांनी संसार थाटले. बाईंनी लग्न केले नव्हते. १८५८ साली त्यांनी एका लहान मुलीला आपली मुलगी म्हणून घरी आणले. दुसऱ्यांच्या मुलांसाठी झटणाऱ्या या बाईंना आईपणाची ओढ किती होती, हे यावरून दिसते.

त्यांच्या मर्यादाही सांगावयास हव्यात. रेड लॉजमधील मुलींनी चांगल्या मोलकरणी व्हावे, यापलीकडे त्या काळाची दृष्टी गेली नाही. लहानशा चोरीसाठी दोन ते पाच वर्षे मुलाला घरापासून दूर ठेवणे हे आज आपल्याला फार वाटेल. आणि त्यांच्यामागून निघालेल्या कित्येक सुधारशाळा फुगत जाऊन बराकीसारख्या कडक बनल्या. आईची जागा घेण्याऐवजी त्यांनी जेलरची जागा घेतली.

कायद्याशी झगडा

१८५४ साली इंग्लंडात तरुण अपराध्यांचा कायदा झाला आणि सुधारशाळांना सरकारी मान्यता व मदत मिळू लागली. यात बाईंचा वाटा मोठा होता. परंतु त्यांना न पटणारे एक कलम त्यात राहिले. सुधारशाळेत जाण्याआधी मुलाने निदान चौदा दिवस तुरुंगात काढलेच पाहिजेत, असे ते कलम. अपराधाचे प्रायश्चित्त आधी, सुधारणा मागाहून, असा त्यामागील विचार. सुधारशाळांचे सरकारी निरीक्षक सिडनी टर्नर हे स्वतः पाळक असून या मताचे होते. बाईंनी याला सतत विरोध केला. ज्या मुलाला आपण आता जवळ घेणार, त्याला आधी कोठडी दाखवून त्याच्या मनावर डाग का पाडावा, हा त्यांचा प्रश्न होता. ते बंधन १८९९ साली गेले. तेव्हा बाईंना वारून बावीस वर्षे झाली होती.

हिंदुस्थानात

१८६६ साली, वयाच्या साठीला टेकलेल्या या बाई मुंबई बंदरात उतरल्या. त्याच वर्षी राममोहन राय यांच्या इंग्लंडातील अखेरच्या दिवसांवर त्यांचे पुस्तक निघाले होते. मुंबई, अहमदाबाद, मद्रास, कलकत्ता असा त्यांनी प्रवास केला. कलकत्त्यास केशवचंद्र सेन व ईश्वरचंद्र विद्यासागर यांची भेट झाली. येथील मुलींच्या शाळांना शिक्षिका मिळत नाहीत हे पाहून त्यांनी स्त्रियांसाठी अध्यापनशाळा काढण्याचा आग्रह सरकारकडे धरला, आणि पुढच्या भेटींत मुंबई व अहमदाबाद येथे त्या कामाला हात घातला.

पण शाळांबरोबर त्या तुरुंगही पाहत. अहमदाबादच्या तुरुंगात अट्टल गुन्हेगारांबरोबर पोरेही ठेवलेली त्यांना आढळली. आपल्याकडे १८५० साली उमेदवारीचा कायदा होऊन लहान मुलांना धंदा शिकण्यास लावण्याची सोय झाली होती, आणि मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीने चालणारी उद्योग व सुधारशाळा १८५७ पासून त्यांच्या नावाने उभी होती. तरी एवढ्या मोठ्या देशाला ते पुरे नव्हते. १८६८ साली त्यांनी आपल्या प्रवासाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १८७० साली ब्रिस्टल येथे नॅशनल इंडियन असोसिएशन ही संस्था स्थापन केली. १८७५-७६ मध्ये त्या चौथ्या व शेवटच्या वेळी येथे आल्या. १८७६ साली हिंदुस्थानात सुधारशाळांचा पहिला कायदा झाला. तो अपुरा होता, आणि १८९७ च्या सुधारलेल्या कायद्यातही सोय केवळ मुलग्यांची होती. पण मुलाची जागा तुरुंग नव्हे, हे तत्त्व सरकारने मान्य केले.

१४ जून १८७७ च्या रात्री ब्रिस्टल येथे झोपेतच त्यांचा अंत झाला. आर्नोस व्हेलच्या ज्या दफनभूमीत राजा राममोहन राय यांची समाधी आहे, तेथेच त्यांना मूठमाती मिळाली. आमच्या माळव्याच्या वाचकांनी हे साल ध्यानी ठेवावे. त्याच १८७७ साली कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनचे काम इंदुरास सुरू झाले.

आजचे ज्ञान काय सांगते?

बाईंनी जे प्रेमाने व निरीक्षणाने ओळखले, त्याची आज शास्त्रीय पाहणी झाली आहे. न्यूझीलंडमधील डुनेडिन गावी १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांची पाहणी ती मोठी होईपर्यंत चालू राहिली. तीत असे दिसले की पौगंडावस्थेत चुकणाऱ्यांपैकी बहुतेक जण वयाबरोबर सावरतात. लहानपणापासून मोठेपणापर्यंत त्याच वाटेने जाणारे थोडे असतात. ज्यांचा आत्मसंयम लहानपणी कमी होता त्यांना पुढे कायद्याशी झगडण्याचा धोका अधिक. पण वाढत्या वयात ज्यांचा संयम वाढला त्यांची स्थितीही सुधारली.

मग ज्यांना दुसऱ्याच्या दुःखाची फिकीर नाही, अपराधाची टोचणी नाही, अशा थोड्या मुलांचे काय? त्यांच्यावर उपचार चालत नाही असे पुष्कळ काळ मानले जाई. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात मेंडोटा येथे १९९५ साली अशाच अत्यंत हिंसक मुलांसाठी केंद्र निघाले. तेथे मुलाला नुसते कोंडून न ठेवता रोजच्या रोज त्याची वागणूक पाहून सवलती देत आणि माणसांशी त्याचे नाते जोडण्याचा यत्न करीत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की सुटकेनंतरच्या दोन वर्षांत या मुलांकडून हिंसक गुन्हे होण्याचे प्रमाण इतरत्र ठेवलेल्या तशाच मुलांच्या निम्म्याच्या आसपास होते. उलट मुलांना तुरुंग दाखवून, कैद्यांकडून दम देववून घाबरवण्याचे जे प्रयोग झाले, त्यांनी गुन्हे कमी न होता वाढलेच. तेव्हा स्वभाव महत्त्वाचा हे खरे, पण स्वभावावरून मुलाचा शेवट ठरत नाही. त्याला काय मिळते यावर पुष्कळ अवलंबून असते.

आपल्यासाठी

आपल्या देशात २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. देपालपूरसारख्या तालुक्याच्या गावी अठरा वर्षांखालील मुलाला पोलिसांनी धरले, तर त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने अतिशय घोर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर त्याला प्रौढाप्रमाणे चालवावे काय, हे मंडळ त्याची मानसिक व शारीरिक क्षमता पाहून प्रथम तपासते. म्हणजे मूल केव्हा मूल नसते, हा कार्पेंटरबाईंच्या काळचा वाद अजून मिटलेला नाही.

कायदा मुलाला मंडळापुढे नेईल. मंडळीत परत कोण आणील? आपल्या उपदेशात आपण सर्व मनुष्ये पापी आहेत असे शिकवतो. हे खरे मानले तर चोरी केलेला मुलगा ही आपल्याहून वेगळी जात ठरत नाही. ज्या कृपेची त्याला गरज आहे तिचीच आपल्याला आहे. त्याच्याविषयी आशा सोडणे म्हणजे कृपेलाच मर्यादा घालणे होय. आणि त्याच्या अपराधाकडे डोळेझाक करणे हेही ख्रिस्ती प्रेम नव्हे, कारण ज्याचे नुकसान झाले तोही देवाचेच लेकरू आहे. झालेले नुकसान भरून देण्यास मुलाला शिकवणे हा त्याच्या सुधारणेचाच भाग आहे.

योहान मार्क अर्ध्या वाटेतून परत गेला म्हणून पौलाने त्याला पुन्हा बरोबर घेण्यास नकार दिला, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात आपण वाचतो. बर्णबाने त्याला बरोबर घेतले. पुढे तोच मार्क पौलाला सेवेसाठी उपयोगी वाटला. दोघांनी एकाच तरुणाचा एकच दोष पाहिला होता. पण बर्णबाने त्याच्याबरोबर प्रवास केला.

म्हणून संडे स्कूलच्या शिक्षकांना आमची नम्र विनंती आहे. वर्गातून एखादे मूल दोन रविवार दिसले नाही, तर हजेरीपटावर फुली मारून थांबू नका. त्याच्या घरी जा. त्याचा स्वभाव ओळखा. उतावळ्याला हातात काम द्या, घुम्याजवळ थोडा वेळ बसा, दांडगटाला लहानांची जबाबदारी द्या. निरीक्षणगृहातून मुलगा परत आला, तर पहिल्या रविवारी त्याच्याशेजारी कोणी तरी मोठ्या माणसाने बसावे आणि उपासना संपल्यावर त्याला आपल्या घरी जेवावयास न्यावे. मंडळीच्या वडिलांनी त्याच्या शाळेची किंवा कामाची व्यवस्था पाहावी. कदाचित तो पुन्हा चुकेल. किंग्जवुडची मुलेही पळून गेली होती, तरी बाईंनी दार लावून घेतले नाही.

हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्याण्णव रानात ठेवून निघालेला आपला मेंढपाळ आपल्याला तसे पाय आणि तसे मन देवो. आमेन.